उन्हाळी, लाज आणि तपासणीची गोष्ट

  आज एका अशा दुखण्याबद्दल बोलू या, जे आपल्यातल्या कितीतरी जणींना कधी ना कधी होऊन गेलेलं असतं, पण चारचौघींत त्याचं नाव काढायला जीभ रेटत नाही. लघवीला जळजळ होणं. आपण त्याला 'उन्हाळी लागली' म्हणतो. कुणी 'उष्णता झाली' म्हणतं. मग धने-जिऱ्याचं पाणी होतं, वाळ्याचं होतं, सब्जा भिजतो. कधी त्यानं बरं वाटतं, कधी नाही. नाही वाटलं तर धनी बाजारातून गोळ्या आणतात. पण त्या बाईला समोर बसवून, तिचं ऐकून, तिच्या पोटाला नि पाठीला हात लावून कुणी तपासलेलं असतं का? बहुतेक वेळा नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा दुखण्याला काय तपासायचं? म्हणून आज औषधांची यादी न देता तपासणीचा इतिहास सांगणार आहे. वैद्य-डॉक्टर रोग्याला हात लावून तपासायला कसे शिकले, बाईपर्यंत तो हात पोहोचायला इतका उशीर का लागला, आणि त्यासाठी कुणाकुणाला काय सोसावं लागलं, ते ऐकलंत की आपल्या गावच्या दवाखान्यात आपण काय मागायचं तेही आपोआप कळेल.

पाहणं, स्पर्श करणं, विचारणं

हे दुखणं नवं नाही. आपल्या जुन्या वैद्यकात त्याला मूत्रकृच्छ्र म्हणतात, म्हणजे कष्टानं लघवी होणं. चरकसंहितेत त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यात मुतखड्यामुळे होणारा प्रकारही आहे. म्हणजे लघवीला त्रास होण्याची कारणं एकाहून जास्त असतात, हे त्या काळीही ओळखलेलं होतं.

रोगी कसा पाहावा याचा नियमही त्यांनी घालून दिला होता. वाग्भटाच्या ग्रंथात तीन गोष्टी येतात: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. डोळ्यांनी पाहायचं, हातानं चाचपायचं, तोंडानं विचारायचं. पुढच्या काळातल्या वैद्यांनी आठ गोष्टी सांगितल्या. त्यात नाडी होती आणि मूत्रही होतं. सकाळची लघवी भांड्यात घेऊन तिच्यावर तेलाचा थेंब सोडायचा आणि तो कसा पसरतो ते पाहायचं, अशी रीत होती. आज त्या थेंबावरून कुणी निदान करत नाही. पण लघवी काहीतरी सांगते, हे माणसाला फार आधीपासून ठाऊक होतं, एवढं त्यावरून कळतं.

युरोपातही तसंच. तिथले जुने वैद्य काचेच्या गोल बुधल्यात लघवी घ्यायचे, उजेडाकडे धरून तिचा रंग, गढूळपणा, तळाचा गाळ पाहायचे. ही रीत इतकी वाढली, की रोगी घरीच आणि बुधला तेवढा वैद्याकडे, असा कारभार सुरू झाला. काही भोंदू तर नुसता बुधला पाहून माणसाचं भविष्यही सांगायचे. पुढे तिथल्याच शहाण्या वैद्यांनी त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: माणूस न पाहता नुसत्या लघवीवर रोग ठरवू नका.

मैत्रिणींनो, ही गोष्ट शेकडो वर्षांपूर्वीची. पण आपल्या घरात आजही काय होतं? बाई घरीच राहते, चिठ्ठी बाजारात जाते आणि गोळ्या घरी येतात. तेव्हा निदान बुधला तरी जात होता!

रांजण वाजवून पाहावा तसं

पोटात, छातीत काय चाललंय ते बाहेरून कसं ओळखायचं? याचं एक उत्तर अडीचशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रिया देशात मिळालं. तिथे लिओपोल्ड औएनब्रुगर नावाचे एक डॉक्टर होते. त्यांच्या वडिलांची खानावळ होती. पिंपात दारू किती उरली ते पाहायला पिंप बाहेरून वाजवतात. भरल्या भागाचा आवाज बद्द येतो, रिकाम्याचा पोकळ. ही युक्ती त्यांनी लहानपणी पाहिली होती, असं सांगतात. त्यांनी तेच माणसाच्या छातीवर करून पाहिलं आणि १७६१ साली त्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. आधी कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे १८०८ साली त्याचं फ्रेंच भाषांतर झालं, आणि मग सगळीकडचे डॉक्टर बोटं वाजवून तपासायला लागले.

ही युक्ती आपल्याला काही नवी नाही. बाजारात माठ घेताना आपण बोटाच्या पेरानं वाजवूनच घेतो ना? आपल्या नाणेघाटात तो जकातीचा दगडी रांजण आहे. तोही भरलाय की रिकामा, हे नुसत्या आवाजावरून कळलं असतं. पोटाचंही तसंच आहे. आतड्यांत हवा असते, तिथे आवाज पोकळ येतो. मूत्राशय, म्हणजे लघवीची पिशवी, तुंबलेली असेल तर ओटीपोटावर आवाज बद्द येतो. एखाद्या म्हाताऱ्या आजीला किंवा नुकतीच बाळंत झालेल्या बाईला लघवी पूर्ण होत नसेल, तर डॉक्टरला हे नुसत्या बोटांनी कळू शकतं. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट पॅरिसची, १८१६ सालची. लाएनेक नावाच्या डॉक्टरांकडे छातीच्या दुखण्याची एक तरुण बाई आली. तेव्हा डॉक्टर छातीचे ठोके ऐकायला थेट छातीला कान लावायचे. तरुण बाईच्या छातीला कान लावणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं आपल्या कानाला. ठोके आधीपेक्षाही स्पष्ट ऐकू आले! त्या सुरळीतूनच पुढे स्टेथोस्कोप तयार झाला.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथे लाज आडवी आली म्हणून डॉक्टरनं तपासणी सोडून दिली नाही. लाजही राखली आणि तपासणीही केली. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे तेव्हाच दिसलं.

कल्याणची मुलगी

आता आपल्याकडे येऊ. आपल्या डिंगोऱ्यावरून जो नगर-कल्याण रस्ता जातो, तो माळशेज उतरून पुढे कल्याणला पोहोचतो. त्या कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी एक मुलगी जन्मली. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झालं आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी बाळंत झाली, पण मूल दहा दिवसांत गेलं. वेळेवर नीट उपचार मिळाले असते तर, हे दुःख तिनं उरात धरलं आणि आपण डॉक्टर व्हायचं ठरवलं.

त्या काळी बाईनं डॉक्टर होणं म्हणजे जगावेगळं. त्यातून समुद्र ओलांडायचा! लोकांनी छळलं, दगड-शेण मारलं. शेवटी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला का जातो, ते त्यांनी सांगितलं. त्यांच्या सांगण्याचा गाभा असा, की इथल्या बायकांना स्त्री डॉक्टरांची फार गरज आहे, कारण अडीअडचणीच्या वेळीही परपुरुष डॉक्टरला शरीर दाखवायला बाई तयार नसते.

मैत्रिणींनो, नीट ऐका. अठरा वर्षंही पुरी न झालेली मुलगी भर सभेत हे बोलली. रोग असतो, औषधही असतं, पण मधे तपासणीची जागा रिकामी असते आणि त्या रिकाम्या जागेत बायका मरतात, हे तिनं ओळखलं होतं. त्याच वर्षी ती अमेरिकेला गेली, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकली आणि मार्च १८८६ मध्ये पदवी घेऊन डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाचं काम तिला मिळालं होतं. पण क्षयानं शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. एकाही गावच्या बाईला तपासण्याची संधी तिला मिळाली नाही.

पण वाट पडली होती. याच सुमारास मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांनी दिलेल्या देणगीतून बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल उभं राहिलं. १८८३ साली पाया घातला, १८८६ साली ते सुरू झालं. तिथे रोगीही बायका आणि डॉक्टरही बायका. त्यासाठी इंग्लंडहून आलेल्या डॉक्टर एडिथ पेची यांनी स्वतः शिकण्यासाठी मोठा झगडा केला होता. एडिनबर्गमध्ये बायकांनी डॉक्टरी शिकू नये म्हणून पुरुष विद्यार्थ्यांनी दंगा केला, त्या दंग्यातून गेलेल्या सात जणींपैकी त्या एक.

१८८५ साली लेडी डफरिन यांनी हिंदुस्थानातल्या बायकांना स्त्री डॉक्टर मिळाव्यात म्हणून निधी उभा केला. त्यातून ठिकठिकाणी जनाना दवाखाने निघाले. त्याआधी उत्तरेतल्या पडद्याच्या घरांत वैद्य-हकिमाला बाईचा चेहराही दिसत नसे. पडद्याआडून हात बाहेर यायचा, तो नाडी पाहायचा. नाडीवरून ताप चढलाय एवढं कळेल. पण ओटीपोट दुखतंय की पाठ, अंगावरून पांढरं जातंय की नुसती जळजळ आहे, हे मनगट कसं सांगणार?

आणि आपल्या रखमाबाई! लहानपणी लावलेलं लग्न त्यांनी नाकारलं. नवऱ्यानं कोर्टात ओढलं. १८८७ साली कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत व राजकोटला वर्षानुवर्षं बायकांवर उपचार करत राहिल्या. आपल्या शरीरावर आपला हक्क आहे असं कोर्टात सांगणारी बाईच पुढे बायकांना तपासणारी डॉक्टर झाली.

जंतू सापडला, गोळी आली

ज्या १८८५ साली डफरिन निधी निघाला, त्याच साली थिओडोर एशेरिश या डॉक्टरांनी तान्ह्या बाळांच्या शीमध्ये एक जंतू दाखवून दिला. त्याला आज ई-कोलाय म्हणतात. हा आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो आणि तिथे बहुतेक वेळा त्रास देत नाही. पण तोच लघवीच्या वाटेनं वर चढला, की मूत्राशयाला सूज येते आणि उन्हाळी लागते. लघवीच्या जंतुसंसर्गाचं सगळ्यांत मोठं कारण हाच जंतू आहे.

मग हे बायकांनाच जास्त का? यात कुणाचा दोष नाही, पाप नाही, चारित्र्याचा तर काहीच संबंध नाही. पुरुषाची लघवीची नळी साधारण २० सेंटिमीटर लांब असते. बाईची जेमतेम ४ सेंटिमीटर. शिवाय तिचं तोंड योनी आणि गुदद्वाराच्या जवळ. जंतूला आत शिरायला वाट छोटी. त्यात आपण कांदे काढायला, टोमॅटो तोडायला सकाळी जातो. रानात आडोसा नाही, म्हणून पाणीच कमी पितो आणि दिवसभर लघवी दाबून धरतो. लघवी साचली की जंतूला वाढायला वेळ मिळतो. पाणी कमी प्यायल्यानं लघवी दाट होऊनही जळजळ होते. म्हणून उन्हाळ्यातली प्रत्येक जळजळ संसर्गच असते असं नाही. हा फरक विचारल्या-तपासल्याशिवाय कळत नाही.

१९३५ साली जर्मनीत सल्फा औषधं आली, मग अँटिबायोटिकं आली. पूर्वी ज्या संसर्गानं माणसं दगावायची ती वाचू लागली. मोठा उपकार झाला. पण एक गोम झाली. गोळी सोपी झाली आणि तपासणी मागे पडली. जळजळ म्हटलं की गोळी. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात, पुढच्या वेळी जाऊबाईला. अशा अर्धवट गोळ्यांनी जंतू शहाणे होतात, औषधाला दाद देईनासे होतात. मग साध्या संसर्गालाही सुई आणि सलाईन लागतं. हे आज जगभर घडतंय आणि आपल्या गावातही घडतंय.

गडचिरोलीच्या दोन गावांत

शहरात दवाखाने झाले, स्त्री डॉक्टर झाल्या. पण खेड्यातल्या बाईपर्यंत तपासणी पोहोचली का? याचा हिशेब आपल्याच महाराष्ट्रात झाला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या आजारी बायका नव्हेत, गावातल्या साध्या कामकरी बायका. हा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत छापून आला.

काय दिसलं? शंभरातल्या ९२ बायकांना पाळीचं, गर्भाशयाचं, योनिमार्गाचं किंवा लैंगिक संसर्गाचं काही ना काही दुखणं होतं. आणि याआधी ज्यांची अशी तपासणी कधीतरी झाली होती, अशा बायका शंभरात जेमतेम आठ! जवळजवळ सगळ्या दुखण्यात आणि जवळजवळ कुणालाच कुणी तपासलेलं नाही. आनंदीबाई श्रीरामपूरला जे बोलल्या, त्याला तेव्हा शंभरावर वर्षं होऊन गेली होती.

त्या अभ्यासानं जगाचे डोळे उघडले. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारदरबारी मोजलं जायचं. मूल पोटात नसतानाही बाईला शरीर असतं, हे या आकड्यांनी दाखवून दिलं.

आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच बायकांना, कित्येक तर निरक्षर, आरोग्याचं शिक्षण दिलं. या बायका गरोदर बाईचं पोट तपासायला शिकल्या, कधी घरी सांभाळायचं आणि कधी दवाखान्यात न्यायचं ते शिकल्या. आणि आपल्या पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यात, 'मासूम' संस्थेनं गावच्या बायकांना आपलं शरीर आपण ओळखायला शिकवलं. तपासणी ही फक्त मोठ्या डॉक्टरची मिरास नाही, हे या कामांनी सिद्ध केलं. आज दारात येणारी आशाताई याच वाटेवरची.

आज तपासणी कशी व्हायला हवी

मग आज जुन्नर-नारायणगावच्या सरकारी रुग्णालयात किंवा आपल्या आरोग्य केंद्रात आपण उन्हाळीची तक्रार घेऊन गेलो, तर काय काय व्हायला हवं? ऐका आणि लक्षात ठेवा.

पहिलं, विचारणं. जळजळ कधीपासून? सारखं जावं लागतं का? रक्त जातं का? ताप, थंडी, उलटी? पाठीत दुखतं का? पाळी चुकलीय का? साखरेचा आजार, मुतखडा आहे का? अंगावरून पांढरं जातं का, खाज आहे का? हा शेवटचा प्रश्न लाजेचा वाटतो, पण फार कामाचा आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून २००२ साली दाखवलं, की जळजळ आहे, सारखं जावं लागतं, पण पांढरं जाणं किंवा खाज नाही, अशा बाईला लघवीचा संसर्ग असण्याची शक्यता शंभरात नव्वदच्या वर असते. पांढरं जात असेल तर दुखणं मूत्राशयाचं नसून योनिमार्गाचं असू शकतं. त्याचं औषध वेगळं. म्हणून हे लपवलंत तर चुकीची गोळी मिळेल.

दुसरं, ताप, नाडी आणि रक्तदाब पाहणं. नुसत्या मूत्राशयाच्या संसर्गात सहसा मोठा ताप येत नाही. थंडी वाजून ताप आला असेल, तर संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका घ्यायची.

तिसरं, पोट. लघवी करून यायचं, उताणं झोपायचं, गुडघे थोडे मुडपायचे म्हणजे पोट सैल पडतं. मग डॉक्टर हळू हातानं सगळं पोट चाचपतात. ओटीपोटात, हाडाच्या वरच्या बाजूला, दाबल्यावर दुखतं का ते पाहतात. बोटं वाजवून पिशवी तुंबलीय का पाहतात. एका बाजूला फार दुखलं, तर अपेंडिक्स, मुतखडा किंवा नळीतला गर्भ अशी दुसरी कारणं शोधावी लागतात. साध्या संसर्गात पोट पुष्कळदा अगदी नॉर्मल लागतं. म्हणून 'पोटात काही नाही, तर तुला काहीच नाही' असं कुणी म्हटलं तर तेही बरोबर नाही.

चौथं, पाठ. ही तपासणी सगळ्यांत जास्त वगळली जाते. बसवून, शेवटची बरगडी आणि पाठीचा कणा जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर एक तळहात ठेवायचा आणि त्यावर दुसऱ्या हाताच्या मुठीनं हलका ठोका द्यायचा. दोन्ही बाजूंना. एका बाजूला कळ आली, तर मूत्रपिंडाला सूज असू शकते. वाकून काम करून दुखणारी कंबर ही वेगळी आणि ही कळ वेगळी. एका ठोक्यात हा फरक ध्यानात येऊ शकतो, आणि त्यावर कधीकधी बाईचं मूत्रपिंड वाचतं.

पाचवं, खालची तपासणी. ती प्रत्येकीला लागत नाही. पांढरं जात असेल, खाज, फोड, जखम असेल, अंग बाहेर येत असेल, पाळी गेल्यावर कोरडेपणा आला असेल, तर ती करावी लागते. का करायची ते आधी सांगून, बाईनं हो म्हटल्यावरच करायची.

आणि लघवीची तपासणी. स्वच्छ डबी, आधीची थोडी लघवी सोडून मधली घ्यायची, आणि ती गोळी सुरू करण्याआधी द्यायची. गरोदर बाईनं तर त्रास नसतानाही लघवी तपासून घ्यायची, कारण पोटातल्या बाळाच्या दिवसांत संसर्ग गुपचूप राहतो आणि मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो.

थंडीताप, पाठीत कळ, उलट्या, लघवीत रक्त, पोटात बाळ, साखरेचा आजार, किंवा म्हातारी आजी एकाएकी बरळायला लागली, यातलं काहीही असेल तर धने-जिऱ्यावर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मागायचं ते मागू या

डॉक्टर पुरुष असला तर? तर तपासणीच्या वेळी आपल्यासोबत बाईमाणूस हजर असावं, हा आपला हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो आहे, आणि २०२१ साली महाराष्ट्राच्या खासगी रुग्णालयांसाठीच्या नियमांतही तो आला. पडदा मागा. दार लोटून घ्यायला सांगा. नर्सताईला किंवा सासूबाईंना, नणंदेला थांबवून घ्या. आणि एखादी गोष्ट सासूबाईंसमोर बोलायची नसेल, तर 'मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय' असंही म्हणा. तेही चालतं.

सासूबाई झालेल्या मैत्रिणींना एक सांगणं. सून 'जळजळ होतेय' म्हणाली तर 'आमच्या वेळी नव्हतं असलं' असं म्हणू नका. होतं. तुम्हालाही होतं. तुम्हाला कुणी विचारलं नाही, एवढाच फरक.

गटाच्या पुढच्या बैठकीत दोन विषय घ्या. एक, आपल्या आरोग्य केंद्रात तपासणीच्या खोलीला पडदा आणि झोपायला टेबल आहे का ते दोघीतिघींनी जाऊन पाहून या. नसेल तर ग्रामसभेत मांडा. दोन, रानात कामाला जाणाऱ्या बायकांसाठी आडोशाची सोय कशी करता येईल ते शेतमालकांशी बोला. चार बांबू आणि शेडनेटचं एक कापड पुरतं. आडोसा असला की बाई पाणी पिते, पाणी प्यायली की लघवी साचत नाही.

उन्हाळी लागली तर लाजू नका. आणि नुसत्या गोळ्यांवर भागवू नका. समोर बसा, सांगा, आणि म्हणा, 'आधी तपासा.' बरं तर मैत्रिणींनो, भेटू पुढच्या भागात. पाणी प्या, आणि काळजी घ्या.